भोंग्यानं खाल्लेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे आणि मला फार वेळ नाही. मरजीनाची नाव भरेपर्यंतच काय ते बोलता येईल. आत्ता नावेत दोन म्हाताऱ्या, एक शेळी आणि रिकाम्या टोपल्यांची चळत, एवढंच आहे. शाळेची पोरं आली की ती माझं हँडल मारेल, आणि मग माझ्या तोंडून धडधडीशिवाय दुसरं काही निघायचं नाही. तेव्हा मध्ये मध्ये अडवू नका. स्वभावच माझा असा. स्वस्थ बसायचं म्हटलं की मला धाप लागते.

माझा जन्म जपानचा. जन्माचं फारसं आठवत नाही, उगाच खोटं कशाला सांगू? समुद्राचा खारा वास, निळ्या टोप्या घातलेली माणसं, आणि एक म्हातारा. तो माझा बोल्ट आवळला की छोट्या हातोडीनं 'टिंग' करून वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. पुढचं सगळं काळोखातलं. मला गवतात गुंडाळलं, लाकडी खोक्यात कोंडलं आणि बोटीत टाकलं. ना हालचाल, ना आवाज. बंद जागेची धास्ती मला तेव्हा बसली, ती आजवर गेलेली नाही.

खोकं उघडलं ते शालुकघाटच्या मातीत. बांगलादेशाचं मुक्तियुद्ध संपून दुसरा हिवाळा चालला होता. गावातली निम्मी घरं जळालेली, बैल गेलेले, शेतं उघडीबोडकी. पागली नदी शेजारून वाहत होती, पण तिचं पाणी शेतात चढवणार कोण? त्या कामासाठी जपाननं मला धाडलं होतं. माझ्या अंगावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर दोन झेंडे रंगवलेले होते. एक पांढरा, मध्ये लाल गोळा. दुसरा हिरवा, मध्ये तसाच लाल गोळा. ज्या शेतकऱ्याच्या ताब्यात मला दिलं, त्या तोराब अलीची लेक मरजीना तेव्हा एवढीशी होती. तिनं पांढऱ्या झेंड्यावर बोट ठेवलं आणि बापाला म्हणाली, "आब्बा, झेंडा तर आपलाच आहे. यांच्याकडं अजून धान लावलं नाही वाटतं."

सगळं गाव हसलं. युद्धानंतर गाव असं एकदम हसलं ते त्या दिवशी, असं तोराब पुढं सगळ्यांना सांगायचा.

माझ्याबरोबर एक जपानी तरुण आला होता. मला चालवायचं कसं, जपायचं कसं, ते गावाला शिकवायला. त्याचं नाव इसोगाई. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचा 'ईसाभाई' करून टाकला. अंगानं इतका किरकोळ, की तोराबची बायको हाजेरा त्याला बघून म्हणाली, "याला आधी जेवायला घाला, पाणी मग काढेल तो!"

आल्या आल्या त्यानं घोटाळा केला. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. तोराब त्याला विचारत होता, "वाटेत त्रास नाही ना झाला? बरं वाटतंय ना?" आणि हा मान डोलावून म्हणत होता, "हाय, हाय!" झालं! शेजारच्या बाया पदर सावरत धावत आल्या. "अगं बाई, कोण गेलं?"

पण खरी गंमत दुसऱ्याच शब्दाची झाली. बोलता बोलता शब्द अडला की जपानी माणूस म्हणतो, "आनो…" तुम्ही कसं 'म्हणजे… ते आपलं…' करता, तसंच ते. आणि आमच्या बंगालीत 'आनो' म्हणजे 'आण'! बिचारा शेतकऱ्यांसमोर उभा राहून शिकवायचा, "आधी तेल बघा. मग… आनो…" की एक जण पाणी आणायला पळायचा, दुसरा बसायला पाट घेऊन यायचा. काय आणायचं ते तो सांगत नव्हता, म्हणून लोक आपापल्या अकलेनं आणत.

"लाजरा आहे गं," हाजेरा म्हणायची. "आणा म्हणतो आणि गप्प बसतो. परक्या मुलखात तोंड उघडून मागवत नाही बिचाऱ्याला. जा, काहीतरी नेऊन दे."

थोड्याच दिवसांत त्याच्या खोपटात पाय ठेवायला जागा उरली नाही. पाट, शहाळी, खजुराच्या गुळाच्या ढेपा, तीन कोंबडे, झालंच तर एक पाळणा! पाळणा कुणी आणि का आणला, ते आजतागायत कळलेलं नाही. त्यानं एकही वस्तू परत केली नाही. आपल्या देशात नाही बुवा इतका पाहुणचार, असं त्याला वाटायचं. पुढं बंगाली जरा समजायला लागल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला, तेव्हा तो शेताच्या चिखलात बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. पण जिभेचं वळण थोडंच जातंय! 'आनो' येतच राहिलं आणि लोक आणतच राहिले. कळल्यावरसुद्धा आणत होते. गावाला आता त्याची चटक लागली होती.

दोन हिवाळे आम्ही मिळून काम केलं. मी पागलीचं पाणी वर ओढायचो आणि ते पाटातून सळसळत शेतात शिरायचं. पहिलं पीक आलं तेव्हा हाजेरानं नव्या तांदळाचे पिठे, म्हणजे आमच्याकडची गोड पक्वान्नं, करून वाटले. कालीपद सुतारानं मला झेंडूची माळ घातली. ईसाभाई रोज सकाळी माझ्यापाशी यायचा, लांब पेचकस माझ्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. तोराबलाही त्यानं हे शिकवलं. तोराबला आधी यात चेष्टा वाटली. मग सवय लागली, मग माया लागली.

आता पुढचं नीट ऐका. सगळं दुखणं तिथून सुरू झालंय.

मला देताना कुठल्याशा कचेरीतला एक साहेब आला होता. तो बजावून गेला, "हे इंजिन शेतीच्या पाण्यासाठी आहे. शेतातून हलवायचं नाही." तोराबनं छातीवर हात ठेवून सगळ्यांदेखत शब्द दिला होता. ईसाभाईची परत जायची वेळ आली, तेव्हा घाटावर लाँच लागलेली होती आणि मी जवळच्याच शेतात धापा टाकत होतो. तो धावत माझ्याकडं आला, माझ्या तापलेल्या टाकीवर हात ठेवला, हात भाजला तरी उचलला नाही. मग पळत जाऊन लाँचवर चढला आणि कठड्याला धरून मोठ्यानं ओरडला, "तोराबभाई! आनो… हे इंजिन…"

'आनो' ऐकलं आणि काठावर एकच धावपळ उडाली. कुणी शहाळं आणलं, कुणी गूळ, कुणी पाय बांधलेली कोंबडी. आणि त्याच वेळी लाँचचा भोंगा वाजला, भों करून! त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. भोंगा थांबला तेव्हा वाक्याचं फक्त शेपूट उरलं होतं.

"…नका!"

आणि जपानी माणूस 'नाही' म्हणताना करतो तसा नाकासमोर हात हलवत, मान हलवत तो दूर दूर गेला.

'हे इंजिन … नका.' काय नका? मधला शब्द भोंग्यानं खाल्ला. गावात त्यावर महिनाभर चर्चा चालली होती. हाजेरा म्हणाली, "विकू नका, म्हणाला असेल." मशिदीतले मौलवी म्हणाले, "इंजिनावरून भांडू नका, हेच." कालीपद म्हणाला, "उन्हात ठेवू नका." तोराबच्या मनात मात्र शब्द आधीच जाऊन बसला होता. 'हलवू नका.' त्याला साहेबाचं बजावणं आठवलं, आपण दिलेला शब्द आठवला, आणि मित्रानं जाता जाता पुन्हा बजावलं, अशी त्याची खात्रीच झाली.

आणि मला? मला त्या अर्ध्या वाक्यानं कायमची तगमग लावून दिली. माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि ते मलाच कळलं नाही! तुम्ही सांगा, तुम्हाला झोप आली असती?

दोन वर्षांनी पागली खवळली. शेतं गेली, रस्ते गेले, जिकडं बघावं तिकडं पाणी. ज्या गावाला मी पाणी चढवून द्यायचो, ते गाव आता पाण्यातच उभं होतं. नदीच्या मधोमध गाळाचं बेट आहे, त्याला निमतलाचा चर म्हणतात. तिथली माणसं छपरांवर बसून हाका मारत होती आणि वल्ह्याच्या नावा धारेपुढं टिकत नव्हत्या. कालीपद कमरेभर पाण्यातून तोराबकडं आला. "तोराब, ते इंजिन नावेवर बसवून देतो. भोकं पाडायची आणि चार बोल्ट ठोकायचे."

"नाही. शब्द दिलाय."

"अरे, शब्दाला पोहता येतं का? माणसं बुडतायत!"

तोराबनं माझ्याकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. मग म्हणाला, "एकच फेरी हं! फक्त एक."

मित्रांनो, ती 'एकच फेरी' जवळजवळ चाळीस वर्षं चालली आहे. त्या दिवशी माझ्या जोरावर नावेनं पहिल्यांदा पाण्याची धार कापली आणि मला कळलं की मी नुसतं एका जागी उभं राहून थरथरायला जन्मलो नव्हतो. मी जाऊसुद्धा शकत होतो! चर मोकळा झाला. पाणी ओसरल्यावर तोराबनं मला परत शेतात नेलं. पण पावसाळा आला की पुन्हा कुणीतरी दारात उभं. "चाचा, एकच फेरी." आणि चाचा म्हणायचा, "उद्या परत शेतात न्यायचंय बरं का!" पुढं गावात वीज आली, शेतात विजेची मोटर बसली आणि तो 'उद्या' कधी उगवलाच नाही.

कधी कचेरीचे लोक पाहणीला आले की आमची काय तारांबळ! आठ गडी मला उचलून शेतात नेत, अंगाला चिखल फासत, पट्टा चढवत. एकदा एका साहेबानं नाक मुरडलं. "याला मासळीचा वास कसा येतो?" तोराब हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्या शेतातसुद्धा मासे असतात." ते काही खोटं नव्हतं, म्हणून साहेबाला पुढं बोलता येईना. पण त्या रात्री तोराब जेवला नाही. हाजेरानं पाण्यात भिजवलेला पांताभात पुढं ठेवला, कांदा ठेवला, मिरची ठेवली. तो नुसता बोटं फिरवत बसला.

मी झिजलो, मोडलो. माझा दट्ट्या गेला, बुश गेले, नळ्या गेल्या. ढाक्याच्या धोलाईखाल भागातल्या कारागिरांनी जुन्यावरून हुबेहूब नवे घडवून दिले. जपानचं म्हणाल तर आता माझी टाकी, जड चाक आणि ती पट्टी, एवढंच शिल्लक आहे. कधी कधी वाटतं, मी नक्की कुठला? पण हा विचार वळणावर येतो आणि वळण सरलं की जातो. कामात असलं की असले प्रश्न पडत नाहीत.

तोराबचे गुडघे गेले तेव्हा सुकाणू मरजीनानं धरलं. तिचा नवरा मलेशियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. "बाईनं सुकाणू धरलं की नदी आटते," असं घाटावर कुणीतरी पुटपुटलं. मरजीना म्हणाली, "आटली तर चालत जा. भाडं वाचेल तुझं!" पुन्हा कुणी पुटपुटलं नाही. चरावरचं दूध, कलिंगडं, शाळेची पोरं, आजारी माणसं, सगळं तिच्या नावेनं आणि माझ्या धडधडीनं पैलतीराला लागायचं.

आणि मग पागलीवर पूल झाला. तोही जपानच्या मदतीनं! म्हणजे माझा भाऊच की. पण हा भाऊ केवढा! पाण्यात पाय रोवून उभा, ना थरथर, ना धूर, ना आवाज. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. चाळीस वर्षं मी ज्यांना नेलं ते बसमध्ये बसून भुर्रकन वरून जायला लागले आणि खाली बघेनासे झाले. चर मात्र होता तिथंच राहिला. पूल या काठावरून निघतो तो थेट त्या काठाला उतरतो. चरावरच्या लोकांच्या डोक्यावरून गाड्यांचे दिवे जातात, एवढाच त्यांना पुलाचा उपयोग. म्हणून मरजीनाची नाव चालू होती.

अशात गावचे लोकमान मेंबर मोबाइल कानाला लावून धावत आले. "तोराबचाचा, ईसाभाई येतायत! पूल बघायला येतायत, आणि म्हणाले, माझं इंजिन बघायचंय."

किती वर्षं या माणसाची वाट बघितली होती तोराबनं! आणि आता तो येतोय म्हटल्यावर त्याला आपला मोडलेला शब्द आठवला. दुसऱ्या दिवशी पाना-पक्कड घेऊन तो घाटावर हजर झाला आणि माझे बोल्ट सोडायला लागला.

मरजीनानं त्याचा हात धरला. "आब्बा, काय करताय? चरावर कलिंगडं पिकलीत."

"शेतात नेतोय. ईसाभाई येतायत."

"येऊ देत की! नावेतून फिरवून आणू त्यांना."

"तोंड सांभाळ! शब्द दिलाय मी त्यांना. जाताना ओरडून सांगून गेले, हलवू नका. नावेवर बघितलं तर काय म्हणतील? बंगाली माणूस बोलतो एक आणि करतो एक?"

"बरं, मग ते गेल्यावर परत बसवाल?"

"नाही. शेतात छप्पर घालून कुलूप लावणार. माझे दिवस भरत आलेत, मरजी. वर जाऊन खोटं ठरायचं नाही मला."

"आणि चरावरच्यांनी काय उडत यायचं?"

"पूल झालाय ना आता?"

"पूल डोक्यावरून जातो त्यांच्या! शिडी लावायची का त्याला?" मरजीनाचा आवाज फाटला. "आब्बा, तुमचा शब्द राहील, पण माझी चूल विझेल. आणि चरावरची पोरं शाळेला मुकतील ते वेगळंच. हे तुमच्या ईसाभाईंना आवडेल?"

तोराब एकामागून एक बोल्ट सोडत राहिला. मी ओरडलो असतो हो! पण बंद इंजिनाला कुठला आलाय आवाज?

शेतात माझे दिवस कसे गेले ते विचारूच नका. समोर नदी, नदीत मरजीनाची रिकामी नाव, आणि मी विटांवर ठोकळ्यासारखा. धुराड्यात कोळ्यानं जाळं विणलं. टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं, तर एका कोंबडीनं आत अंडं घातलं! चाकाला तांबूस गंज धरला. आतून नुसती घुसमट व्हायची. चरावर कलिंगडं सडत होती, वास इथवर यायचा. संध्याकाळी मरजीना येऊन माझ्यापाशी बसायची. शेवटी मेंबरांनी 'पाहुण्यांसमोर बरं दिसलं पाहिजे' म्हणून मला नखशिखांत रुपेरी रंग फासला. पट्टीवरचे दोन्ही झेंडे त्यात बुजले.

आणि एका सकाळी तो आला. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, पण अंग तसंच किरकोळ. तोराब लुंगी सावरत पुढं झाला. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. ईसाभाई कमरेत वाकला. तोराबनं त्याला वाकूच दिलं नाही, सरळ मिठीत घेतलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, अरे, माझ्याकडंही बघा कुणीतरी!

मग तो बांधावर बूट काढून माझ्याकडं आला. माझं रुपेरी रूप बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं नखानं रंग खरवडला, नेमका पट्टीच्या जागी. थोडा रंग उडाला आणि आतून एक लाल गोळा दिसायला लागला. कुठल्या झेंड्याचा, ते काही कळत नव्हतं. त्यानं तो अंगठ्यानं पुसला आणि हसला.

मेंबर म्हणाले, "चालवून दाखवा, चालवून!" दोघा गड्यांनी हँडल मारलं. मी जीव एकवटला, पण 'फस्' करून बसलो. पुन्हा मारलं, पुन्हा फस्. लाज गेली माझी! ईसाभाईनं पाणी आहे का बघायला टाकीचं झाकण उचललं, आत हात घातला आणि अंडं बाहेर काढलं.

सगळे खो खो हसले. तो हसला नाही. अंडं तळहातावर घेऊन त्यानं तोराबला विचारलं, "बंद असतं?"

तोराब छाती पुढं काढून म्हणाला, "बंदच असतं, भाई! इथंच असतं. कुठं हलवत नाही."

ईसाभाईचा चेहरा पडला. इतका पडला की मला त्याच्याकडं बघवेना. तो हळूच खाली बसला आणि माझ्या पोटाखाली हात फिरवायला लागला. तिथं चार बोल्टांची भोकं होती, नावेला बसवायची. भोकातून त्याच्या बोटाला काहीतरी चिकटून आलं. त्यानं ते उन्हात धरलं. माशाचा खवला, चांगला रुपयाएवढा.

"मासा?" तो म्हणाला.

तोराब म्हणायला गेला, "आमच्या शेतातसुद्धा…" आणि मध्येच थांबला. तो ईसाभाईशेजारी खाली बसला. "माफ करा, भाई. खोटं बोललो. हे इथं नसतं. पहिल्या पुरापासून नावेवर आहे. शेतात मोटर आहे आता विजेची. तुम्ही जाताना सांगितलं होतं ना, इंजिन हलवू नका. मी हलवलं. रोज हलवलं."

ईसाभाई त्याच्याकडं बघत राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण एवढ्या वर्षांत बंगाली पार गंजून गेली होती. ओठ हलले. त्यानं हवेत बोटं फिरवली.

"आनो…"

मित्रांनो, सवय मेली तरी जात नाही! ते ऐकलं आणि सगळं गाव उठलं. मेंबर खुर्ची आणायला, कुणी शहाळं फोडायला, कुणी चहा, कुणी पंखा…

"थांबा!"

मरजीना बांधावर आडवी उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून. "कुणी जागचं हलायचं नाही! कुणी काही आणायचं नाही! एकदा तरी त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या!"

सगळे होते तिथं थिजले. नदीवर लाँच नव्हती, भोंगा नव्हता. मला बोलायची केवढी हौस, पण त्या वेळी मीसुद्धा देवाचे आभार मानले की मी बंद आहे.

ईसाभाईनं डोळे मिटले. एक एक शब्द शोधून काढत तो म्हणाला, "त्या दिवशी… लाँचवरून… मी म्हणालो होतो… हे इंजिन… थांबवून… ठेवू नका."

मरजीनाचे पसरलेले हात खाली आले.

"'थांबवणं' हा शब्द मला माहीत नव्हता," तो म्हणाला. "आदल्या दिवशी मरजीनाच्या आईकडून शिकलो. रात्रभर पाठ केला. थांबलं की गंजतं. शेतात, नावेत, कुठंही… पण चालू ठेवा. एवढंच."

तोराब त्याच्याकडं बघत होता. मग एकाएकी त्यानं दोन्ही हात कपाळावर मारले. "हाय हाय! अख्खा जन्म मी भीत भीत काढला रे!"

"हाय," ईसाभाई मान डोलावून म्हणाला. "हाय."

एक म्हणत होता हाय आणि दुसरा म्हणत होता हो. दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते की हसत होते, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मरजीनानं वाट बघितलीच नाही. "काय बघताय? उचला!" आठ गड्यांनी मला उचललं, तेच आठ गडी नाहीत, त्यांची पोरं. घाटावर नेलं, बोल्ट आवळले. ईसाभाईनं खिशातून किल्ली काढून प्रत्येक बोल्ट 'टिंग' करून वाजवला आणि कान देऊन ऐकला. तो आवाज! मी जन्मानंतर पहिल्यांदा ऐकला. मग त्यानं आणि मरजीनानं मिळून हँडल मारलं. कोळ्याचं जाळं, गंज, रुपेरी रंगाचे पोपडे, सगळं एका दणक्यात उडालं आणि मी बोलायला लागलो!

आम्ही पुलाखालून चाललो होतो. माझा थोरला भाऊ वर उभा होता, शांत. त्याची सावली आमच्यावरून सरकली आणि, खरं सांगतो, मला त्याचा राग आला नाही. त्याला थांबून राहायचं काम आहे, मला जायचं. ईसाभाई वर बघत होता. तोराब त्याच्या शेजारी, पाय पाण्यात सोडून. तेवढ्यात ईसाभाई म्हणाला, "आनो…"

मरजीनानं झटकन माझा वेग कमी केला, ऐकू यावं म्हणून. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

तो लाजला. "काही नाही," म्हणाला. "चालू द्या."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी प्रेमानं दिलेली एखादी वस्तू असेल. खराब होईल म्हणून तुम्ही ती कपाटात, फडक्यात गुंडाळून ठेवली असेल. तिला बाहेर काढा. वापरा, झिजवा, मोडली तर दुरुस्त करा. देणाऱ्याचा मान तिला कुलपात ठेवून राखला जात नाही. मैत्रीचंही तसंच आहे, असं मला वाटतं. आणि कुणी बोलताना अडखळलं, तर लगेच काही आणायला धावू नका. जरा थांबा. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

ती बघा, पोरं आली दप्तरं सांभाळत. शेळी बाजूला झाली. मरजीनानं पदर कमरेला खोचला. तिच्या हातात हँडल आहे. आता मला बोलता यायचं ना